सामना कुठे आहे?

मेलबर्नला 26 डिसेंबरची कसोटी असते आणि भारताचा संघ तिथे खेळत असतो, तेव्हा महाराष्ट्रात पहाटे पाचला घराघरांत दिवे लागतात. इकडे काळोख आणि अंगावर शाल, तर पडद्यावर लख्ख ऊन आणि रुंद काठाच्या टोप्या घातलेले प्रेक्षक. याच दौऱ्यात पर्थला सामना असला, की तो आपल्याकडे पावणेआठच्या पुढे सुरू होतो आणि झोप पुरी होते. देश एकच, दिवसाचा खेळही तेवढाच, मग आपल्या घड्याळात एवढा फरक का? आठवीच्या मुलांना हा प्रश्न विचारून पाहावा. त्यांच्या पुस्तकात स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ हा धडा आहे, पण धड्यातली उदाहरणे सोडवताना बहुतेकांना ते गणित कशासाठी करायचे, हेच कळत नाही. सामना बघणाऱ्या मुलाला ते कळते.

गणित सोपे आहे. भारताचे प्रमाण रेखावृत्त 82°30' पूर्व. पर्थची घड्याळे 120° पूर्व रेखावृत्तावर लावलेली. फरक साडेसदतीस अंशांचा, आणि अंशाला 4 मिनिटे या हिशेबाने अडीच तासांचा. पर्थला 10:20 वाजता पहिला चेंडू पडला, तर आपल्याकडे 7:50 वाजलेले असतात. मेलबर्नचे प्रमाण रेखावृत्त 150° पूर्व. फरक साडेसदुसष्ट अंश, म्हणजे साडेचार तास. तिथे खेळ साडेदहाला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे सहा वाजायला हवेत. प्रत्यक्षात पाचच वाजलेले असतात. मधला एक तास गेला कुठे?

वर्ग इथे खरा जागा होतो, कारण सूत्र बरोबर आहे आणि उत्तर चुकते आहे. शोध घेतल्यावर कळते, की उन्हाळ्यात दिवस मोठा असतो म्हणून मेलबर्नची घड्याळे एक तास पुढे करतात. ब्रिस्बेनचे प्रमाण रेखावृत्तही 150° पूर्वच, पण तिथे ती पुढे करत नाहीत. क्वीन्सलँडचा मोठा भाग उष्ण कटिबंधात येतो, तिथे उन्हाळ्या-हिवाळ्याच्या दिवसमानात फारसा फरक पडत नाही, हे त्याचे एक कारण. डिसेंबरात तिथे उन्हाळा का, याचे उत्तर शोधताना पृथ्वीचा कललेला आस येतोच. म्हणजे रेखांश, अक्षांश, ऋतू आणि दिवसमान या चारही गोष्टी एका सामन्याच्या वेळापत्रकातून निघाल्या.

खेळ भूगोलाच्या आतच असतो

खेळातून भूगोल शिकवायचा म्हटले, की अनेकांना तो कंटाळवाणा विषय गोड करण्याचा उपाय वाटतो. मग धावपटूंची चित्रे चिकटवली जातात, विश्वचषक कोणी कोणत्या देशात जिंकला याच्या याद्या पाठ होतात, आणि मुलांच्या माथी आणखी एक यादी बसते. माझे म्हणणे वेगळे आहे. खेळ जागेवर, मातीवर, हवेवर, पाण्यावर आणि माणसांच्या स्थलांतरावर अवलंबून असतो, म्हणून तो मुळातच भूगोलाचा विषय आहे. ‘कुठे’ हा भूगोलाचा पहिला प्रश्न आणि ‘तिथेच का’ हा दुसरा. शाळेत पहिल्याचे उत्तर पाठ होते आणि दुसरा विचारायचा राहून जातो. खेळात मुलांना दुसरा प्रश्न आपणहून पडतो.

भूगोलाच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी ओळखले. अमेरिकेत जॉन रूनी यांनी 1974 मध्ये अमेरिकी खेळांच्या भूगोलावर पुस्तक लिहिले. कोणत्या भागातून किती खेळाडू आले हे त्यांनी मोजले आणि ती संख्या तिथल्या लोकसंख्येशी ताडून पाहिली. ब्रिटनमध्ये जॉन बेल यांचे खेळांच्या भूगोलावरचे पुस्तक 1989 मध्ये आले. रूनी यांची पद्धत आपल्या नववीच्या वर्गात जशीच्या तशी चालते, कारण नववीच्या पुस्तकात वितरणाचे नकाशे आहेत. राज्याच्या कबड्डी किंवा खो-खो संघातले खेळाडू कोणत्या जिल्ह्यांतले आहेत, ते टिंब पद्धतीने नकाशावर मांडायचे. मग तीच संख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागायची आणि क्षेत्रघनी नकाशा रंगवायचा. पहिल्या नकाशात मोठ्या लोकसंख्येचे जिल्हे टिंबांनी भरलेले दिसले, तरी दुसऱ्यात एखादा लहान जिल्हा वर येऊ शकतो. एकाच माहितीचे दोन नकाशे वेगळी गोष्ट कशी सांगतात, हे मुलांना स्वतःच्या हाताने रंगवल्याशिवाय पटत नाही.

बारा शहरांत ब्राझील

महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे. स्थान, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, अर्थव्यवस्था असे एकेक प्रकरण दोन्ही देशांना शेजारी ठेवून मांडलेले आहे. मुलांना त्यातला भारत थोडाफार ठाऊक असतो. ब्राझील मात्र नावांचा ढीग होऊन बसतो. 2014 चा फुटबॉल विश्वचषक ब्राझीलमध्ये झाला आणि त्याचे सामने 12 शहरांत खेळले गेले. दोन-तीन तासिका या 12 शहरांना दिल्या, तर निम्मे पुस्तक नकाशावर उभे राहते.

ब्राझीलचा कोरा नकाशा घ्यायचा आणि त्यावर शहरे भरायची. ईशान्येला फोर्टालेझा, नाताल, रेसिफे, साल्वादोर. आग्नेयेला रिओ दी जनेरिओ, साओ पावलो, बेलो होरिझोंटे. दक्षिणेला कुरितिबा आणि पोर्तो अलेग्रे. ही नऊ शहरे देशाच्या पूर्व बाजूच्या पट्ट्यात, काही थेट किनाऱ्यावर आणि काही त्यामागच्या उंचवट्यावर. उरलेली तीन आत आहेत: ब्राझीलिया, कुयाबा आणि मॅनॉस. लोकसंख्येचा नकाशा उघडायच्या आधीच मुलांच्या लक्षात येते, की ब्राझीलमधली माणसे समुद्राच्या बाजूला दाटीने राहतात. मग ‘का’ सुरू होतो. पोर्तुगीज समुद्रमार्गे आले, ऊस आणि पुढे कॉफीचे मळे त्याच पट्ट्यात वाढले, बंदरे तिथेच झाली. आतल्या भागाकडे लोकांनी वळावे, म्हणून मुद्दाम नवी राजधानी वसवली आणि 1960 मध्ये ब्राझीलिया राजधानी झाली.

आता मॅनॉस आणि पोर्तो अलेग्रे या दोनच शहरांवर थांबायचे. मॅनॉस सुमारे 3° दक्षिण अक्षवृत्तावर, ॲमेझॉनच्या वर्षावनात, रिओ निग्रो नदीच्या काठी. पोर्तो अलेग्रे 30° दक्षिणेला. सामने जून-जुलैत झाले, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात. तरी मॅनॉसमध्ये 14 जूनला इंग्लंड आणि इटली संध्याकाळी खेळले, ते दमट उकाड्यात. त्याच दिवसांत पोर्तो अलेग्रेच्या प्रेक्षकांना गरम कपडे लागत होते. दोन शहरांमधले अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त. विषुववृत्ताजवळ ऋतू जवळपास का बदलत नाहीत आणि 30° वर का बदलतात, हे दोन संघांच्या घामावरून समजावता येते. मकरवृत्त साओ पावलो शहरातून जाते, ही खूण सांगितली की उष्ण कटिबंध कुठे संपतो हेही नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

मॅनॉसची गोष्ट इथे संपत नाही. एवढ्या घनदाट वनात मोठे शहर आले कसे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराचा व्यापार भरभराटीला आला, त्या पैशावर शहर वाढले आणि 1896 मध्ये तिथे प्रसिद्ध नाट्यगृहही उघडले. रबर उद्योग कोसळल्यावर शहर मागे पडले. 1967 मध्ये सरकारने तिथे करसवलतीचे क्षेत्र जाहीर केले आणि कारखाने आले. विश्वचषकासाठी तिथे चाळीस हजारांहून अधिक आसनांचे मैदान बांधले. त्यावर स्पर्धेचे सामने झाले फक्त 4. शहरात देशाच्या अव्वल साखळीत खेळणारा एकही क्लब नव्हता, त्यामुळे पुढे हे मैदान पोसायचे कसे, हा प्रश्न ब्राझीलमध्येच जोरात विचारला गेला. प्रादेशिक असमतोल, सार्वजनिक खर्च आणि त्याचा लाभ कोणाला, हे सगळे अर्थव्यवस्थेच्या प्रकरणात कोरडेपणाने येते. इथे त्याला पत्ता आणि छप्पर मिळते.

नकाशाप्रमाणाचा सरावही यातच होतो. अमेरिकेच्या संघाचा मुक्काम साओ पावलोला होता आणि गटातले तीन सामने अनुक्रमे नाताल, मॅनॉस आणि रेसिफे इथे. मुलांनी पट्टी आणि दोरा घेऊन त्या संघाचा प्रवास मोजावा, मग तेवढ्याच लांबीचा प्रवास भारताच्या नकाशावर काढावा. मॅनॉसचे घड्याळ ब्राझीलियाच्या एक तास मागे असते, हेही या प्रवासात सापडते.

उंचीचा धडा, आणि त्यातला सापळा

मेक्सिको सिटीत 1968 चे ऑलिंपिक झाले. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश. अमेरिकेच्या बॉब बीमनने लांब उडीत 8.90 मीटरची झेप घेतली आणि जुना विक्रम एकदम 55 सेंटिमीटरने मोडला. उडी असामान्य होतीच, पण विरळ हवेचीही तिला साथ होती. त्याच मैदानावर 10,000 मीटरची शर्यत विश्वविक्रमापेक्षा दीड मिनिटाहून अधिक संथ झाली. विश्वविक्रम ज्याच्या नावावर होता, तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क शर्यत संपताच कोसळला. पहिला आला केनियाचा नफ्ताली तेमू, दुसरा इथिओपियाचा मामो वोल्डे. दोघेही उंच पठारी देशांतले. विरळ हवेत अडथळा कमी, म्हणून काही सेकंदांच्या प्रकारांत फायदा. प्राणवायूही कमी, म्हणून लांब पल्ल्यात तोटा. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे एका वाक्याचे सत्य इथे एकाच मैदानावर दोन उलट निकालांत दिसते.

बोलिव्हियातील ला पाझचे मैदान याहून उंच, सुमारे 3,600 मीटरवर. 2009 मध्ये तिथे बोलिव्हियाने अर्जेंटिनाला 6-1 असे हरवले. त्याआधी, 2007 मध्ये, जागतिक फुटबॉल संघटनेने अतिउंचावरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर बंदी घातली होती आणि अँडीज पर्वतातल्या देशांनी विरोध केल्यावर पुढच्या वर्षी ती मागे घेतली. आपल्या जन्मगावी खेळण्याचा हक्क उंचीमुळे जातो का, यावर दहावीची मुले तावातावाने बोलतात आणि बोलता बोलता अँडीजची उंची, पठार, शहरे हे सगळे त्यांच्या तोंडी येते.

पण शिक्षकाने इथेच सावध राहायला हवे. केनियाचे धावपटू उंचावर राहतात म्हणून जिंकतात, हे उत्तर फार लवकर मिळते आणि ते अपुरे आहे. केनियातील इतेन हे धावपटूंचे गाव सुमारे 2,400 मीटरवर आहे, हे खरे. पण उंच प्रदेश नेपाळ, तिबेट, पेरू, बोलिव्हिया इथेही आहेत आणि तिथून असे धावपटू या संख्येने आलेले नाहीत. केनियातही यशस्वी धावपटूंपैकी फार मोठा वाटा कालेंजिन समाजाचा आहे, आणि तो समाज देशाच्या लोकसंख्येत साधारण आठवा हिस्सा आहे. मग उंचीखेरीज काय? मिशनऱ्यांच्या शाळांतली शर्यतींची परंपरा, सैन्य आणि पोलीस दलात धावपटूंना मिळणारी नोकरी, बक्षिसाच्या पैशाने बदललेली घरे, आणि ‘आपल्या गावचा माणूस जगज्जेता झाला’ हे रोज डोळ्यांसमोर असणे. निसर्ग शक्यता देतो, तिचा उपयोग समाज आणि संस्था करतात. भूगोलाच्या शास्त्रात यावर शंभर वर्षे वाद झाला. तो मुलांना धावपटूंच्या उदाहरणाने कळतो.

आपल्याकडेही हाच सापळा आहे. ललिता बाबर साताऱ्याच्या माण तालुक्यातील, अविनाश साबळे बीडच्या आष्टी तालुक्यातील. दोघांचे तालुके पर्जन्यछायेच्या, कमी पावसाच्या पट्ट्यातले. दोघेही 3,000 मीटर स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेले, ललिता 2016 मध्ये रिओला आणि अविनाश 2024 मध्ये पॅरिसला. यावरून ‘दुष्काळ धावपटू घडवतो’ असे लिहिणारा विद्यार्थी हमखास निघतो. त्याला विचारावे, की मग दुष्काळी पट्ट्यातल्या उरलेल्या तालुक्यांतून किती निघाले? अविनाश सैन्यात गेला, सियाचीन आणि राजस्थानात तैनात होता आणि धावपटू म्हणून सैन्यातच घडला. ती सैन्याची वाट या उत्तरात कुठे आहे? दुष्काळी भागातले पालक मुलांना सैन्यभरतीच्या तयारीला का लावतात, हा प्रश्न आला की पाऊस, शेती, रोजगार आणि स्थलांतर यांची साखळी जुळते. ही साखळी जोडता येणे हेच खरे शिक्षण आहे.

कबड्डीचे मैदान वहीत किती?

यासाठी टीव्ही किंवा इंटरनेट लागतेच असे नाही. शाळेच्या अंगणात कबड्डीचे मैदान असते. पुरुषांच्या खेळाचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. मुलांनी ते टेपने मोजावे आणि वहीत 1:100 प्रमाणावर काढावे. 13 सेंटिमीटर बाय 10 सेंटिमीटरची आकृती पानावर नीट बसते, त्यात मध्यरेषा आणि निदान रेषाही काढता येते. मग तेच मैदान 1:1000 वर काढायला सांगावे. आता ते नखाएवढे होते, आतल्या रेषा काढायला जागा उरत नाही. शेवटी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर ते किती होईल, हे विचारावे. उत्तर येते 0.26 मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीचे टिंबही त्याहून मोठे.

बृहत् प्रमाण आणि लघु प्रमाण या शब्दांत मुले नेहमी गोंधळतात, कारण 50,000 हा आकडा 100 पेक्षा मोठा दिसतो. तीन वेळा तेच मैदान काढून झाल्यावर गोंधळ राहत नाही. तपशील कुठे हरवला, हे त्यांनी पाहिलेले असते. यापुढची पायरी म्हणजे आवाराचा नकाशा काढून त्यावर दहा खुणा लपवणे आणि होकायंत्राच्या मदतीने गटागटाने त्या शोधणे. नकाशा घेऊन वाट शोधत धावण्याचा हा खेळ नॉर्वे आणि स्वीडनमध्ये वाढला. स्वीडनमध्ये तो शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. आपल्याकडे भूगोलाच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी एक तासिका एकत्र घेतली, तरी सुरुवात होते.

60 लाख लिटर म्हणजे किती?

खेळातून भूगोल शिकवताना वादाचे विषय टाळू नयेत. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेले गेले. पहिल्या खेपेत 10 टाक्यांतून सुमारे 5 लाख लिटर. त्याच सुमारास आयपीएलच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका होती आणि न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. अंतिम सामना मुंबईऐवजी बेंगळुरूला झाला. मैदानांसाठी तेव्हा सुमारे 60 लाख लिटर पाण्याचा आकडा चर्चेत होता.

हा आकडा फळ्यावर लिहावा आणि मुलांना दोन हिशेब करायला लावावेत. पहिला: पाण्याच्या पहिल्या रेल्वेच्या भाषेत हे किती? 12 खेपा. तहानलेल्या शहरासाठी हे फार मोठे पाणी. दुसरा: शेतीच्या भाषेत किती? 60 लाख लिटर म्हणजे 6,000 घनमीटर, एक हेक्टर जमिनीवर 60 सेंटिमीटर उंच साठेल एवढे. उसाला एका हंगामात साधारण 150 ते 250 सेंटिमीटर पाणी लागते. म्हणजे सगळ्या मैदानांचे पाणी एक हेक्टर उसाच्या गरजेच्या निम्मेसुद्धा भरत नाही.

दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि त्यामुळेच वर्गात खरी चर्चा होते. सामने हलवणे योग्य होते का, याचे एक उत्तर शिक्षकाने देऊ नये. टंचाईच्या काळात हिरवळीवर पाणी मारणे लोकांना का सहन होत नाही, आणि मराठवाड्यात पाणी प्रत्यक्ष मुरते कशात, हे दोन्ही प्रश्न मुलांनी एकत्र हाताळावेत. आकडा एकटा ठेवायचा नाही, त्याच्या शेजारी दुसरा ठेवून बघायचा, ही सवय त्यांना पुढे बातम्या वाचतानाही उपयोगी पडेल.

कोणाचा खेळ घ्यायचा?

एक काळजी मात्र घ्यावी लागते. वर्गातल्या प्रत्येकाला क्रिकेट आवडते असे धरून चालले, तर काही मुले आणि बऱ्याच मुली पहिल्याच मिनिटाला बाहेर पडतात. म्हणून खेळ बदलत राहावेत. कुस्ती घेतली, तर कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातले दूध, ऊस, तालमी आणि राजाश्रय येतो. बॅट घेतली, तर झेलमकाठचे विलोचे लाकूड येते. फुटबॉल हातात घेतला, तर सियालकोट आणि जालंधर येतात, कारण फाळणीनंतर सियालकोटचे अनेक कारागीर जालंधरला आले आणि क्रीडासाहित्याचा धंदा सीमेच्या दोन्ही बाजूंना वाढला. उद्योगांचे स्थानिकीकरण शिकवायला याहून बोलके उदाहरण शोधावे लागत नाही. शिक्षकाला खेळाचे नियम तोंडपाठ असायची गरज नाही. ते मुलांना येतात, त्यांनी शिक्षकाला सांगावेत.

आणि हे जमले की नाही, याची कसोटी परीक्षेतल्या गुणांवर सोडू नये. खेळ बाजूला काढला, तरी प्रश्न उरतो का, ते पाहावे. ब्राझीलची 12 शहरे भरलेल्या मुलांना आपल्या तालुक्याचा नकाशा द्यावा आणि खेळायला मैदान कोणत्या गावांत आहे, कोणत्या गावांत नाही, हे भरायला सांगावे. बहुतेक मैदाने तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या रस्त्यालगत का आहेत? डोंगरापलीकडच्या वाडीतल्या मुलीला सराव संपवून घरी जायला एसटी मिळते का? ती मुलगी चांगली धावत असेल, तर ते कोणाच्या लक्षात येईल? ज्या वर्गाने हे प्रश्न स्वतः विचारले आणि नकाशावर मांडून ग्रामपंचायतीपुढे ठेवले, त्या वर्गाला भूगोल आला.